सेल्फ तीन वेळा केला, तरी ट्रॅक्टर उचलेना

किल्ली फिरवली की नुसतं ‘खट्’. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन जागचं हलत नाही. चार-पाच वेळा किल्ली मारली की कधीतरी उचलतो, आणि एकदा चालू झाला की कामाला काही तक्रार नाही. दुपारी बांधावर भाकरी खायला बसताना बंद केला की पुन्हा तेच ‘खट्’. जुना ट्रॅक्टर असलेल्या बहुतेक घरांतून हे दुखणं जाऊन आलेलं असतं, आणि बहुतेक घरांत त्यावर पहिला उपाय एकच होतो: सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी विजेची मोटर, काढा, दुकानात न्या. आम्हीही दोन वर्षांत तीन वेळा तेच केलं. चूक सेल्फमध्ये नव्हतीच. ती कुठं होती आणि कशी सापडली ते सविस्तर लिहितो. ऐन हंगामात कुणाचे चार दिवस वाचले तरी लिहिल्याचं चीज होईल.

आमचा ट्रॅक्टर 1992 सालचा, 3 सिलिंडरचा, 35 एचपीचा. सासवडच्या पुढं आमची शेती: थोडं अंजीर, थोडं सीताफळ, पावसाळ्यात वाटाणा, मागून कांदा. पहिल्यांदा दुखणं आलं तेव्हा मिस्त्रींनी सेल्फ उघडून कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे, बदलले. पाच महिने ठीक चालला. दुसऱ्यांदा आर्मेचर, म्हणजे आत फिरणारा तारांचा गाभा, भरून आणलं, शाफ्टला आधार देणारे बुश नवे टाकले. तेवढेच महिने गेले. तिसऱ्यांदा आबा वैतागून म्हणाले, “आता जुन्याला हात लावू नकोस, सरळ नवा आण.” नवा आणला. आषाढी वारीच्या दिवसांत त्या नव्या सेल्फनंही ‘खट्’ केलं.

तो दिवस विसरणं शक्य नाही. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येते, तेव्हा आमच्याकडचे कितीतरी ट्रॅक्टर पाण्याच्या टँकरला जोडलेले असतात. आमचा टँकर एका दिंडीच्या राहुट्यांपाशी उभा होता. पाणी वाटून झालं, किल्ली मारली, खट्. मागं दुसरे दोन टँकर अडकलेले. टँकरची पिन काढून ट्रॅक्टर मोकळा केला, पण ढकलायला घरचे आम्ही दोघंच. मग वारकऱ्यांनीच गळ्यातले टाळ मागं पाठीवर टाकले आणि ‘पुंडलिक वरदे’ म्हणत वीस-पंचवीस हात लागले. दिवसभर घाट चालून आलेली माणसं ती. ट्रॅक्टर चालू झाला, पण मान वर करून त्यांच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो सेल्फ पोत्यात घालून मी पुण्याला नाना पेठेत गेलो. तिथं गल्लीत मोटरींची कामं करणारे एक वयस्कर वायरमन काका आहेत. त्यांनी पोतं उघडलंसुद्धा नाही. “तीन वेळा सेल्फचं केलंस ना? मग याचा दोष नाही. बॅटरीची काळी वायर कुठं बसवलीय?”

“पायपाटाच्या ब्रॅकेटला, काका.”

“आणि ट्रॅक्टरला रंग कधी दिलास?”

मी गप्प झालो. बहिणीच्या लग्नाआधी ट्रॅक्टर पूर्ण खोलून रंगवला होता, आणि दुखणं त्यानंतरच्या हिवाळ्यात सुरू झालं होतं. दोन वर्षांत या दोन गोष्टी आमच्यापैकी कुणी जोडून बघितल्या नव्हत्या.

कारण समजून घ्यायला फार शिकलेलं असावं लागत नाही. सेल्फला जाणारी जाड लाल वायर सगळ्यांना दिसते. पण प्रवाहाला परतही यायचं असतं, आणि ती परतीची वाट म्हणजे सेल्फची बॉडी, तिथून क्लच हाउसिंग, मग ट्रॅक्टरचा सांगाडा, मग काळी वायर आणि बॅटरी. परतीची वाट अडली की जाणारा प्रवाहही अडतो. हेडलाइटला पाच-सात अँपिअर लागतात, ते गंजलेल्या बोल्टमधूनही निघून जातात, म्हणून दिवे झकास लागतात. सेल्फ मात्र डिझेल इंजिन फिरवताना 200 ते 300 अँपिअर ओढतो, थंडीत त्याहून जास्त. रंगवणाऱ्यानं ब्रॅकेट आणि सांगाडा दोन्ही रंगवून वर बोल्ट आवळला होता. प्रवाह जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. पुढं पावसाळ्यात तिथंही गंज धरला. नव्या कार्बन-बुशांनी मोटर हलकी फिरायची, तेवढ्यावर चार-पाच महिने निभायचं, आणि आम्ही समजायचो की दुरुस्ती झाली होती, सामानच खराब निघालं.

काकांनी सांगितलेली तपासणी घरी करता येते. साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो आणि जोडीला एक माणूस. मला विचाराल तर ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत मीटर हा पान्याइतकाच गरजेचा आहे.

गिअर न्यूट्रलला, हॅंडब्रेक ओढलेला, आणि इंजिन बंद करायची दांडी ओढून बांधून टाका, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. आधी बॅटरी बघा. मीटरच्या पिना पट्टीला नाही, थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांना लावायच्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्म्यावर आलेली. जोडीदाराला किल्ली मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा साधारण 10 च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा किंवा दुकानात लोड टेस्ट करून घ्या. कमजोर बॅटरीवर पुढचं काहीच नीट कळत नाही.

बॅटरी धडधाकट असेल तर खरी गंमत पुढं आहे. एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर, जिथं रंग नाही अशा जागी घट्ट दाबून. किल्ली मारायला सांगा. वाट मोकळी असेल तर मीटर 0.2-0.3 व्होल्टच्या पुढं जात नाही. 0.5 च्या वर गेला की कुठंतरी जोड खराब आहे. आमच्या ट्रॅक्टरवर आकडा आला 1.9. हिशोब करून बघा: 250 अँपिअर धरले तर 475 वॅट होतात. घरातल्या मिक्सरला लागते तेवढी वीज त्या एका बोल्टपाशी नुसती उष्णता होऊन जात होती. बोल्टला हात लावला तर चटका बसला. दोन वर्षं त्याच्या शेजारून चढत-उतरत होतो आणि कधी हात लावून बघितला नव्हता.

तसंच लाल बाजूला करायचं. प्लस खांब ते सोलेनॉइडचा (सेल्फवरचा विजेचा मोठा स्विच, ‘खट्’ आवाज त्याचाच) बॅटरीकडचा मोठा बोल्ट, मग सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांच्या मध्ये. या दुसऱ्या जागी ‘खट्’ झाल्यावरही जवळजवळ पूर्ण 12 व्होल्ट दिसत असतील, तर सोलेनॉइड आवाज करतोय पण आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले आहेत, प्रवाह पुढं जातच नाही.

आमची दुरुस्ती एका दुपारी झाली. बोल्ट काढला, ब्रॅकेटवरचा रंग आणि गंज ग्राइंडरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, आणि मग काकांच्या सांगण्यावरून ती जागाच सोडून दिली. 50 चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची केबल घेतली, दोन्ही टोकांना लग (केबलच्या टोकाला बसणारी भोकाची टोपी) यंत्रानं दाबून, म्हणजे क्रिम्प करून घेतले, आणि काळ्या वायरचं टोक थेट सेल्फ जिथं बसतो त्या हाउसिंगच्या बोल्टाखाली, दातेरी वॉशर घालून आवळलं. वरून पेट्रोलियम जेली. पुन्हा मीटर लावला: 0.2. तो नवा सेल्फ, ज्याला आम्ही भंगारात काढणार होतो, तोच आज ट्रॅक्टरवर आहे. एक सूचना: लग हातोडीनं चेपून बसवू नका. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण तारांमध्ये हवा राहते आणि आतून हिरवा गंज धरतो. आणि फार जुन्या, डायनमोच्या काळातल्या काही ट्रॅक्टरांत मायनसऐवजी प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस सांगाड्याला जोडलेला असतो, तेव्हा वायर जोडण्याआधी आपल्या ट्रॅक्टरला काय आहे ते बघा.

प्रत्येकाचं दुखणं अर्थिंगचं असेल असं मात्र नाही. सेल्फ आवाजातून बरंच सांगतो. एकच जड ‘खट्’ आला तर हेडलाइट लावून किल्ली मारा. दिवे एकदम मिणमिणले तर बॅटरी, जोड किंवा अडकलेली मोटर. दिव्यांना काहीच फरक पडला नाही तर प्रवाह मोटरपर्यंत पोचत नाही, म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा संपलेले कार्बन. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीचा किंवा सैल पट्टीचा असतो, क्वचित सोलेनॉइडच्या धरून ठेवणाऱ्या कॉइलचा. काहीच आवाज नाही तर किल्लीचा स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर, आणि असेल तर क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बघा.

मोटर ‘घुंईं’ करून जोरात फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स, म्हणजे पुढं सरकून इंजिनच्या चाकात अडकणारा सेल्फचा दातेरी गिअर, बघायचं. माझ्या मेहुण्यांकडं मुळशीत भातशेती आहे. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर तासन् तास खाचरात असतो, बारीक चिखल हाउसिंगच्या फटीतून आत जातो आणि शाफ्टवर सुकून बसतो. मग बेंडिक्स पुढं सरकतच नाही. त्यांचं काम नुसतं धुऊन, शाफ्ट साफ करून झालं. तिथं चिकट ग्रीस थापू नका, धूळ धरून तेच पुन्हा अडकतं. सरकत असूनही घसरत असेल तर आतला वन-वे क्लच गेलेला असतो, बेंडिक्स बदलावं लागतं.

‘खर्रर्र’ असा दात घासल्याचा आवाज येत असेल आणि तोही कधी येतो, कधी नाही, तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगवर संशय घ्या. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळं ठरावीक जागीच थांबतं: 3 सिलिंडरचं तीन जागी, 4 सिलिंडरचं दोन जागी. त्यामुळं रिंगचे तेवढ्याच जागचे दात झिजतात. खात्री करायला ट्रॅक्टर टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी थोडा मागंपुढं हलवा, परत न्यूट्रलला आणून किल्ली मारा. तेवढ्यानं उचलला तर रिंगच आहे. त्याला ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, म्हणून क्लचचं काम येईल तेव्हाच रिंगही करून घ्यावी.

सेल्फ खोलायचाच असेल तर सगळ्यात आधी बॅटरीची काळी वायर काढा. लाल वायरीला लावलेला पाना सांगाड्याला टेकला तर ठिणगी नाही, आगच पडते. वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल्फ चांगला जड असतो, शेवटचा बोल्ट काढताना खाली दुसऱ्याचा हात हवा. टेबलावर तपासताना तो व्हाइसमध्ये पकडूनच करंट द्या, कारण सुटताना उडी मारतो.

आत काय बघायचं? आर्मेचरच्या लोखंडावर एका बाजूला घासल्याची चमक दिसली तर बुश झिजलेत आणि आर्मेचर आतल्या पोलला टेकतंय. ‘सकाळी उचलतो, गरम झाला की उचलत नाही’ या तक्रारीमागं हे फार वेळा असतं. बुश ही दिसायला बारीकशी पितळी नळी, पण सगळ्यात जास्त हयगय तिथंच होते. हे बुश सच्छिद्र ब्रॉंझचे असतात, तेल पिऊन ठेवतात. बसवण्याआधी 24 तास स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे, आणि बसवल्यावर रीमर फिरवायचा नाही, नाहीतर छिद्रं बुजतात. दुकानात समोर उभं राहिलात तर बहुतेक वेळा कोरडाच बुश ठोकलेला दिसेल. मी आता बुश आदल्या दिवशीच घेतो आणि घरून तेलात भिजवलेले घेऊन जातो. मिस्त्रींना आधी नवल वाटलं, आता तेच मागतात.

आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काच-पेपरनं साफ करा, एमरीनं नको, तिचे कण तांब्यात रुतून बसतात. पट्ट्यांमधला माइका (इन्सुलेशनचा थर) खोदायचा की नाही हे मोटरीप्रमाणं बदलतं. लुकास पद्धतीच्या जुन्या सेल्फमध्ये तो खोदायचा नसतो, आणि सवयीनं खोदणारे कारागीर आहेत, तेव्हा आधीच सांगा. आत काळं, ओलसर तेल दिसलं तर कार्बन बदलून भागणार नाही. इंजिनचा मागचा ऑइल सील गळतोय, आणि तो बदलेपर्यंत प्रत्येक नवा कार्बन त्याच तेलात भिजणार.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा? माझं मत असं: कार्बन, बुश, सोलेनॉइड, बेंडिक्स एवढंच असेल तर जुना दुरुस्त करा. जुन्या बॉडी दणकट असतात. आर्मेचरचे टाके वितळून उडालेले असतील किंवा शाफ्ट झिजला असेल तर त्यात पैसे घालू नका. हल्ली आत गिअर असलेले लहान सेल्फ मिळतात, ते वजनाला हलके आणि करंट कमी ओढणारे असतात, म्हाताऱ्या इंजिनाला चांगले. घेताना पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या गिअरचे, दात मोजा, फ्लॅंजची भोकं जुळवा, फिरायची दिशा तपासा. आणि नवा बसून ट्रॅक्टर चालू होईपर्यंत जुना दुकानात जमा करू नका.

किल्ली किती वेळ दाबून धरायची हेही महत्त्वाचं आहे. विजेचा सेल्फ-स्टार्टर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक मोटारींत तो आला. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो शब्द तिथलाच. एवढ्याशा मोटरीनं अख्खं इंजिन फिरवायचं ते या हिशोबावर की काही सेकंदांपुरती ती जास्त ताण सोसू शकते. काही सेकंदच. 10 सेकंदांत उचलला नाही तर सोडा, मिनिटभर थांबा. तीन वेळा होऊनही नाही उचलला तर डिझेलकडं बघा: लाइनमध्ये हवा, तुंबलेला फिल्टर, डिझेल पाइपचा सैल बॅंजो बोल्ट. दर सकाळी अर्धा-अर्धा मिनिट किल्ली धरून ठेवणाऱ्या घरात सेल्फ टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पहाटे चांगलाच गारठा असतो, बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं. तेव्हा सेल्फ मारताना क्लच दाबून धरा, गिअरबॉक्सचं ओझं तरी कमी होतं.

आता एक कळकळीची विनंती. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पाना किंवा स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय गावोगाव आहे. मीही केलंय. हे करू नका. पाना लावणारा माणूस खाली, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर सेफ्टी स्विच, किल्ली, काही आड येत नाही. इंजिन उचलतं आणि चाक थेट अंगावर येतं. अशा तऱ्हेनं माणसं गेली आहेत. मुलाला तर कधीच ‘जरा पाना लाव रे’ म्हणून सांगू नका. रानात अडलातच तर उतारावर लावा, टोचन करा, नाहीतर घरी चालत या.

यंदा आषाढी वारीत आमचा टँकर पुन्हा दिंड्यांना पाणी द्यायला होता. दर राहुटीपाशी इंजिन बंद करायचं, पाणी द्यायचं, परत चालू करायचं. दिवसभरात पंधरा-सोळा वेळा किल्ली मारली असेल. संध्याकाळी आबांनी वाकून त्या हाउसिंगच्या बोल्टवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “गार आहे.”